हटवारांच्या घरातली घूस

भिलाईच्या हथखोज भागातल्या त्या कारखान्यात समीक्षा साहूला सगळे हिंदीवालीच समजायचे. ती बिलं काढायची, ट्रकवाल्यांशी हुज्जत घालायची, शिफ्ट सुटताना स्कूटीला किक मारून निघून जायची. दोन वर्षांत तिच्या तोंडून मराठीचं एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं. स्टेपलरची पिन बोटात घुसली तरी ती 'अरे बाप रे' वर भागवायची आणि 'माय वो' ओठांतल्या ओठांत गिळायची. हे दिसतं तितकं सोपं नाही. ज्याला सोपं वाटत असेल त्यानं एकदा दारात बोट चेमटून परक्या भाषेत ओरडून दाखवावं.

तिला मराठी लपवायची हौस नव्हती. तिला एका माणसाचं उट्टं काढायचं होतं. तो माणूस काचेच्या केबिनमध्ये बसायचा, त्याचं नाव अरुणकुमार, आणि तो त्या कारखान्याचा मॅनेजर होता. समीक्षानं त्याच्यावर शाळेत असल्यापासून डूख धरला होता. नवऱ्याचं साहू हे आडनाव तिला लग्नात मिळालं तेव्हा इतर बायका मंगळसूत्राचे पदर बघत होत्या, आणि हिच्या मनात आलं, चला, आता आपल्याला कोणी ओळखणार नाही.

तिचं माहेरचं आडनाव हटवार. वडील मारोतराव हटवार मूळचे साकोलीकडच्या एका खेड्यातले. त्यांचा बाप भाताची शेती भावांवर सोडून पोलाद कारखान्यात लागला म्हणून घर भिलाईला आलं. मारोतरावांची पाळी येईपर्यंत भरती आटून गेली होती. मग ते हथखोजला, ह्याच खाजगी कारखान्यात, स्टोअरकीपर झाले. बोल्ट, वॉशर, वेल्डिंगच्या कांड्या, तांब्याची केबल, सगळं त्यांच्या ताब्यात. दिवसभर कारखान्याच्या मालकासमोर हात बांधून 'जी सेठजी' म्हणायचं आणि संध्याकाळी सायकल मारत कॅम्प-१ वस्तीतल्या दोन खोल्यांत परत यायचं, असा त्यांचा जन्म चालला होता.

त्या दोन खोल्यांत एक दिवस कंप्युटर आला. सेक्टर सहामधल्या कोण्या साहेबाची बदली झाली, त्यानं जुना डबा स्वस्तात काढला, मारोतरावांनी पोरीच्या अभ्यासासाठी घेतला. अभ्यासाचं त्यात काही नव्हतं. साहेबाच्या पोरानं पुसायचा राहून गेलेला एक गेम मात्र होता.

गेम हेरगिरीचा. बर्फातला किल्ला, जागोजाग पहारेकरी, आणि करड्या कोटातला एक एकटा माणूस. त्याला आत शिरायचं, कागद उचलायचे आणि बाहेर पडायचं. कमरेला पिस्तूल होतं पण ते वापरलं की भोंगा वाजायचा आणि सगळा किल्ला अंगावर यायचा. म्हणून वापरायचं नाही. भिंतीला चिकटायचं, गटारातून सरपटायचं, श्वास धरून उभं राहायचं. पहारेकरी कुठून येतो, कुठं वळतो, कुठं थांबून विडी पेटवतो, हे पाहत बसायचं. त्याची पाठ फिरली की सुटायचं. शेवटी पडद्यावर एकच गोष्ट दाखवायचे, तुम्ही किती वेळा दिसलात. ज्याला कोणीच पाहिलं नाही तो खरा खेळाडू.

गेमचं नाव इंग्रजीत होतं आणि चांगलं लांबलचक होतं. मारोतरावांची जीभ त्यावर दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला नाही. तो करड्या कोटातला माणूस गटारातून मुंडकं बाहेर काढताना पाहिला आणि ते मांडीवर थाप मारून हसले.

"हे त घूस होय वो!" ते बायकोला म्हणाले. "अवो गयाबाई, पाहा न, आपल्या कोठ्यातली घूस! घुशीले कोनी पायलं हाय काय कधी? सकाळी उठून पाहा त पोतं अर्धं!"

गावाकडं धानाच्या कोठ्या पोखरणारी घूस गयाबाईंनी चांगली ओळखलेली. त्याही हसल्या. त्या दिवसापासून हटवारांच्या घरात त्या गेमचं नाव घूस. 'घूस लाव', 'घूस बंद कर', 'घूस झाली का, का मी ताट झाकून ठेवू'. डब्यावर हे नाव नव्हतं, पडद्यावर नव्हतं, जगात कुठंच नव्हतं. ते त्या दोन खोल्यांतच जन्मलं.

खेळायची समीक्षा. मारोतराव माऊसला हात लावत नसत, मोडून ठेवीन म्हणत. ते शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि पहारा सांगायचे. "थांब. थांब न पोरी. डावीकडून येऊन राहिला. येऊ दे त्याले. वळला, वळला... आता जाय!" आणि ती सुटायची. दुसऱ्या पोरांच्या घरी धडाधड गोळ्यांचे गेम चालायचे, त्यात पाच मिनिटांत गाव मेलेलं असायचं. इथं एक अंगण ओलांडायला संध्याकाळ जायची. पण त्या ओलांडण्याची चव निराळी होती. दिवसभर ज्याला कोणीही हाक मारावी आणि कोणीही झापावं असा माणूस, संध्याकाळी बंदुकवाल्यांच्या नाकासमोरून जायचा आणि त्यांना पत्ता लागायचा नाही. मारोतरावांच्या डोळ्यांत त्या वेळी जी चमक यायची ती समीक्षानं नंतर कुठंच पाहिली नाही. ताकद बंदुकीत नसते, वाट पाहणाऱ्याजवळ असते, हे तिला शाळेनं नाही, त्या गटारानं शिकवलं.

या घरात बाहेरचा एकच माणूस बसायचा आणि तो म्हणजे अरुणकुमार. तेव्हा तो मॅनेजर नव्हता, माल बाहेर पाठवायच्या खात्यात क्लार्क होता. एकटा राहायचा. रविवारी मारोतराव त्याला जेवायला घेऊन यायचे. गयाबाईंची पातोडीची रस्साभाजी तो घाम पुसत पुसत तीन वेळा मागून खायचा आणि मग खाटेवर मांडी घालून फर्माईश करायचा, "भाभी, घूस लगवाओ ना!" मराठी शब्द आपल्याला येतो याची त्याला कोण ऐट. समीक्षाच्या हातून माऊस घेऊन तो खेळायचा आणि हमखास पकडला जायचा, कारण त्याला थांबणं माहीतच नव्हतं. भोंगा वाजला की कपाळावर हात मारायचा, पण पुढच्या रविवारी पुन्हा हजर. गेमनं त्याला चांगलंच धरलं होतं. समीक्षा त्याला अरुणकाका म्हणायची आणि गटाराची वाट दाखवायची.

मग कारखान्यातून तांब्याची केबल जायला लागली. आज एक बंडल, उद्या दुसरं. सेठजींचा संशय दोघांवर, ज्याच्या ताब्यात माल तो मारोतराव आणि ज्याच्या हातून गाड्या सुटतात तो अरुणकुमार. केबल कोणी नेली ते आजतागायत सिद्ध झालं नाही. पण अरुणकुमारनं आपल्या मानेवरचं जू फार हुशारीनं दुसऱ्याच्या मानेवर टाकलं.

समीक्षा शाळेतून आली की कारखान्यात बापाला फोन करायची. गेमचा शेवटचा टप्पा उरला होता, पोर उतावीळ झाली होती. अरुणकुमारला ही फोनची वेळ माहीत होती. त्यानं त्या दिवशी सेठजींना स्टोअरच्या प्लायवूडच्या आडोशामागं आणून उभं केलं. म्हणाला, आप खुद अपने कान से सुन लीजिए. आणि सेठजींनी ऐकलं.

"हो पोरी," मारोतराव फोनवर सांगत होते, "घूस आज पुरीच करून टाकू. पहारेवाल्याची येळ समजली मले. त्यानं पाठ केली का माल उचलायचा न् निंघायचं. कोनाले सांगू नको. तुह्या मायले त सांगूच नको."

माय जेवणावरून कटकट करायची म्हणून तिला सांगायचं नव्हतं, एवढंच. पण हिंदी कानाला ह्यात काय ऐकू येईल? हिंदीत घूस म्हणजे लाच. पहारेवाला, माल, कोणाला सांगू नको. 'ध'चा 'मा' करायला निदान एक अक्षर तरी खोडावं लागतं, अरुणकुमारला तेवढेही कष्ट पडले नाहीत.

सेठजी आडोशामागून पुढं आले. मारोतरावांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते घाबरून, हात जोडून, आपल्या मोडक्या हिंदीत समजावू लागले. "नहीं सेठजी, घूस मतलब वो बड़ा चूहा रहता ना, वो. कंप्यूटर का खेल है. बेटी खेलती, मैं बाजू में बैठता."

तोवर वेल्डर, हेल्पर, ड्रायव्हर, सगळे दाराशी जमले होते. कोणीतरी फिस्सकन हसलं. "घूस यानी चूहा!" सेठजी म्हणाले आणि तेही हसले. मग सगळेच हसले. पन्नाशीचा बाप्या, म्हणे पोरीबरोबर चुहा खेळतो.

"अरुणभाऊ," मारोतराव वळले. त्यांच्या आवाजात अजून भरवसा होता, समीक्षाला हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. "अरुणभाऊ, तुम बताओ ना सेठजी को. तुमने तो देखा है वो खेल."

अरुणकुमारनं खाली पाहिलं, शर्टाची बाही नीट केली आणि म्हणाला, "कौन सा खेल?"

एवढेच तीन शब्द. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तीन वेळा मागून खाल्लेली पातोडी त्या तीन शब्दांत तो विसरला. मारोतराव त्याच दिवशी घरी बसले. घरी येऊन बघा, डब्यावर गेम आहे, असं त्यांनी सेठजींना सांगून पाहिलं. सेठजी म्हणाले, तुझ्या घरी मी गेम बघायला येऊ? आणि आले असते तरी काय दिसलं असतं? इंग्रजी नाव. घूस तिथं कुठं लिहिली होती?

पोलिसात गेले नाहीत हा म्हणे सेठजींचा मोठेपणा. नाव मात्र गेलं. कॅम्पच्या बाजारात मारोतराव एका धान्याच्या दुकानात काट्यावर बसू लागले तर तिथंही हथखोजचे लोक यायचे आणि हाक मारायचे, "क्या चूहा बाबू!" ते मान खाली घालून गहू जोखायचे. कंप्युटरवर गयाबाईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला. तो कोणी काढला नाही. समीक्षानं एकदाच काढायला हात लावला, तर मारोतराव म्हणाले, "राहू दे पोरी. मले आता त्याचा आवाज सहन नाही होत."

त्या दिवशी ती पंधरा वर्षांची पोर अंगणातल्या नळाशी जाऊन रडली आणि रडता रडता तिनं ठरवलं, ह्याचं वाटोळं मी करीन. मोठी झाली, शिकली, लग्न झालं, पोरगी झाली. लोक म्हणतात काळ हे औषध आहे. तिच्याकडं ते औषध लागू पडलं नाही. अरुणकुमार मॅनेजर झाल्याचं कळलं तेव्हा जखमेवर मीठच पडलं. मग त्याच कारखान्यात बिलिंगची जागा निघाली आणि समीक्षा साहू, पदर नीट करून, मुलाखतीला गेली. मुलाखत अरुणकुमारनंच घेतली. टक्कल पडलं होतं, पोट सुटलं होतं. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, "टैली आती है?" दोन वेण्यांतली पोर त्याला आठवली नाही. पहारेकऱ्यानं टॉर्च मारला आणि उजेड तिच्या अंगावरून निघून गेला.

वडिलांना तिनं फक्त हथखोजला नोकरी लागली एवढंच सांगितलं. कुठं ते सांगितलं असतं तर त्यांनी जाऊ नको म्हणून पाय धरले असते.

तिच्या नवऱ्याला, पीयूषला, सगळं माहीत होतं. तो म्हणायचा, "तुम तो बिलिंग में हो, उसकी चोरी पकड़ो ना."

"मुझे उसकी चोरी नहीं चाहिए," ती म्हणायची. "चोरी पकडली तर तो चोर ठरेल. माझे बाबा तर चूहाच राहतील ना." रागात ती अशी अर्ध्या वाक्यावर मराठीत यायची. तिला हवा होता फक्त एक शब्द. त्या घराबाहेर तो खेळ बघून तो शब्द म्हणेल असा एकच माणूस होता, आणि तो त्यानं आपल्या तोंडानं, सेठजींच्या देखत, बोलायला हवा होता.

तिनं त्याची फेरी पाठ केली. आला की कुठं थांबतो, कोणावर खेकसतो, सेठजी आले की कसा वाकतो. एकदा तिनं घाई केली. बर्फातल्या त्या किल्ल्याचं चित्र आपल्या कंप्युटरच्या पडद्यावर लावून ठेवलं. अरुणकुमार बिल घ्यायला आला, चित्राकडं पाहिलं, क्षणभर रेंगाळला. "अच्छी जगह है," तो म्हणाला. "मनाली?" आणि गेला. ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून संतापानं रडली. पण मग तिला उमगलं की चूक तिचीच होती. चित्रात काय आहे? चित्र कोणाला ओढत नाही. ओढतो तो चालणारा पहारेकरी, आणि आता सुटू की नको ही अंगातली खाज. ती सुरू झाली की माणूस आपलं वय, हुद्दा, लाज, सगळं विसरतो. तिनं आपल्या बापाला विसरताना पाहिलं होतं.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी हथखोजमध्ये यंत्रं थांबतात, लेथला आणि क्रेनला झेंडूच्या माळा पडतात, कामगार बायकापोरांना घेऊन येतात, पुरीभाजी आणि बुंदी असते. पूजेला यजमान म्हणून अरुणकुमार बसला होता, कपाळावर टिळा, गळ्यात हार. सेठजी आता काठी टेकत चालायचे, पण त्या दिवशी ते येतच. जेवणं होईस्तोवर पोरांना गुंतवायचं काम दरवर्षी कोणाच्या तरी गळ्यात पडायचं. समीक्षा म्हणाली, मी करते. जुने गेम आता पुन्हा विकत मिळतात. तिनं तो आपल्या लॅपटॉपवर चढवला होता. शेडमध्ये मोठा टीव्ही लावला, पोरांना सतरंजीवर बसवलं आणि पाहुण्यांच्या खुर्च्या बरोबर त्याच्या मागं मांडल्या. मधली सेठजींची, बाजूची अरुणकुमारची.

पडद्यावर बर्फ पडू लागला. करडा कोट भिंतीपाशी उभा राहिला. पोरांना काय ठाऊक, ती थेट अंगणातून पळाली आणि भोंगा वाजला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा भोंगा. समीक्षा मागं खांबाला टेकून उभी होती. ती पडद्याकडं बघत नव्हती. ती अरुणकुमारच्या पायाकडं बघत होती. त्याचा पाय हलू लागला होता.

तिसऱ्या भोंग्याला तो पुढं सरकून खुर्चीच्या टोकावर बसला. चौथ्या वेळी एक पोर पहारेकऱ्याच्या तोंडावर निघालं तसा तो ओरडला, "अरे रुक, रुक! नाले से जा, नाले से!"

पोराला नाला सापडेना. अरुणकुमारला राहवलं नाही. तो उठला, हार सावरत सतरंजीवर उकिडवा बसला आणि पोराच्या हातून माऊस घेतला. गटाराचं झाकण कुठं आहे हे त्याला बरोबर माहीत होतं. ज्या पोरीनं दाखवलं होतं ती पाठीमागं उभी होती. कोट गटारात शिरला, वरून पहारेकऱ्याचे बूट टक टक करत गेले, आणि अरुणकुमारचा चेहरा फुलला. तो पोरांना म्हणाला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ऐसे नहीं खेलते, बेटा. ये तो घूस है! घूस को कभी किसी ने देखा है क्या?"

समीक्षाच्या बापाचं वाक्य. जसंच्या तसं, फक्त हिंदीत.

सेठजींच्या हातातला बुंदीचा द्रोण तिथंच थांबला. "क्या है ये?" त्यांनी विचारलं.

"घूस, सेठजी," अरुणकुमार पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "मराठी में बोलते हैं. वो बड़ा चूहा रहता है ना..."

आणि मग तो थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या कानांना आधी कळलं आणि मग त्याच्या मानेला. मान हळूहळू वळली. करडा कोट गटारातून अर्धा बाहेर राहिला होता, पहारेकरी परत आला, भोंगा वाजत राहिला. कोणी बंद करेना.

समीक्षा खांबापासून पुढं आली. दोन वर्षं गिळलेली मराठी तिनं त्या शेडमध्ये उभी केली. "कोनी शिकवलं वो तुमाले मराठी, अरुणकाका? मले ओळखलं नाही काय? मी मारोतराव हटवारांची समीक्षा. पातोडी खायाले येत होते न तुमी आमच्या घरी?" मग ती सेठजींकडं वळली आणि स्वच्छ हिंदीत म्हणाली, "सेठजी, मेरे पिताजी ने हाथ जोड़कर इनसे कहा था, खेल के बारे में बताओ. इन्होंने क्या कहा था, याद है? आज फिर पूछिए इनसे. कौन सा खेल?"

अरुणकुमार म्हणाला, खेळाचं हे नाव मला नंतर कोणीतरी सांगितलं. सेठजींनी विचारलं, किसने? त्यावर त्याला नाव सुचेना. जुना वेल्डर बबलू, जो त्या दिवशी दाराशी उभं राहून हसला होता, तो ह्याही दिवशी हसला. "घूस यानी चूहा!" तो म्हणाला, आणि अख्खी शेड हसली. ह्या वेळी ते हसू योग्य माणसाच्या अंगावर पडलं.

समीक्षाला त्याची दया आली का? मुळीच नाही. घामानं त्याचा टिळा नाकावर ओघळला होता आणि तिला तो ओघळ पाहून पोटभर जेवल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पाठीमागं 'घूस साहब' सुरू झालं. क्रेनवरून कोणी चीं चीं करायचं. केबिनच्या काचेवर कोणी खडूनं शेपटी काढून ठेवायचं. तो पुसायचा, पुन्हा निघायची. सेठजी त्याच्याशी कामापुरतं बोलू लागले आणि मग तेवढंही नाही. दिवाळीच्या आधीच तो नोकरी सोडून गेला. समीक्षानं त्याच्या शेवटच्या पगाराचा कागद स्वतः छापला आणि दोन्ही हातांनी, आदरानं, त्याच्यापुढं धरला. त्यानं वर पाहिलं नाही.

पूजेच्या दिवशी संध्याकाळी ती सरळ कॅम्पला माहेरी गेली होती. बापाच्या पुढ्यात बसून तिनं सगळं सांगितलं. मारोतराव ऐकत राहिले. गयाबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या.

"दोन वर्सं?" शेवटी मारोतराव म्हणाले. "अन् कोनीच नाही पायलं तुले?"

"शेवटी दिसली, बाबा. जाणूनबुजून दिसली."

"मंग त फेल झाली न तू," मारोतराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली. ते उठले आणि कंप्युटरवरचं लुगडं त्यांनी आपल्या हातांनी काढलं. डबा काही सुरू झाला नाही, तो कधीचाच मेला होता. समीक्षानं पिशवीतून लॅपटॉप काढला. ती माऊसपाशी बसणार तोच मारोतराव तिला बाजूला सारून म्हणाले, "सरक. आता मी खेळतो. तू पहारा सांग."

पुढं एका रविवारी कॅम्पच्या गल्लीत मोटार शिरली. गल्लीला मोटारीची सवय नाही, ती नळापाशीच अडली. सेठजी उतरून, काठी टेकत, नाली ओलांडत हटवारांच्या दारात आले. मागं ड्रायव्हर मिठाईचा डबा घेऊन. समीक्षा आणि गयाबाई उठून उभ्या राहिल्या. मारोतराव उठले नाहीत. त्यांचे डोळे पडद्यावर होते आणि हात माऊसवर.

"मारोतराव," सेठजी म्हणाले, "मैं खुद आया हूँ. मुझसे गलती..."

मारोतरावांनी डावा हात वर केला. "रुको सेठजी," ते म्हणाले. "पहारेवाला आ रहा है."

सेठजी थांबले. आत या असं कोणी म्हणालं नाही. उंबरठ्याबाहेर काठीवर दोन्ही हात ठेवून ते उन्हात उभे राहिले. पडद्यावर बूट टक टक करत आले, विडी पेटली, विडी संपली. मारोतरावांना घाई नव्हती. गयाबाईंनी पाण्याचा गडू उचलला तर समीक्षानं आईच्या हातावर हात ठेवला. शेजारच्या बाया दारांत आल्या. पहारेकरी वळला, पाठमोरा झाला, दूर गेला, आणि मग सावकाश, कोणाला न दिसता, मारोतरावांनी अंगण ओलांडलं.

"यही है क्या वो खेल?" सेठजींनी दारातूनच, दबक्या आवाजात विचारलं.

"घूस," मारोतराव म्हणाले.